खत भरपूर, फळ मात्र नाही: फलन आणि खत यांतला घोळ कसा सोडवायचा

वेल फुलांनी लगडलेली असते, फुलामागे बोटाएवढं फळही दिसतं, आणि चार दिवसांत ते पिवळं पडून गळून जातं. अशा वेळी पहिला हात जातो तो खताच्या पोत्याकडे, आणि बहुतेकदा चूक तिथेच होते. गळणाऱ्या त्या फळाला उपाशीपणाने नव्हे, तर फलन न झाल्याने मरण आलेलं असतं. वरून युरिया टाकला की वेल आणखी पानं काढते आणि फळधारणा आणखी लांबते.

इंग्रजीत या दोन गोष्टींना एकच शब्द आहे, फर्टिलायझेशन. जीवशास्त्रात त्याचा अर्थ नर आणि मादी जननपेशींचा संयोग, शेतीत त्याचा अर्थ जमिनीला खत देणं. मराठीने हे दोन शब्द आधीच वेगळे ठेवलेत: एक फलन, दुसरं खत. शब्द वेगळे असले तरी बागेत काम करताना घोळ व्हायचा तो होतोच. म्हणून आधी फलन म्हणजे नेमकं काय ते पाहू, मग हाताने परागण कसं करायचं ते, आणि त्यानंतर खताचा हिशेब.

फलन म्हणजे काय

नराची जननपेशी आणि मादीची जननपेशी एक होऊन नव्या जीवाची पहिली पेशी तयार होते, ते फलन. दोघांकडून गुणसूत्रांचा अर्धा अर्धा वाटा येतो. माणसात २३ आणि २३ मिळून ४६. जर्मन शास्त्रज्ञ ऑस्कर हर्टविग यांनी १८७६ मध्ये समुद्री अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या अंड्यात दोन केंद्रकं एकत्र येताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. ती अंडी पारदर्शक असतात, म्हणून ते दिसलं.

कोंबडीचं अंडं फलित नसलं तरी घातलं जातंच. अंडं घालणं आणि फलन होणं या दोन वेगळ्या घटना आहेत. उबवणीच्या सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे प्रखर दिवा धरा. आत कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या लाल शिरा दिसल्या तर अंडं फलित आहे. नुसता पिवळसर उजेड आरपार आला तर ते काढून टाका, कारण उबेत ठेवलेलं अफलित अंडं सडतं आणि फुटलं तर शेजारची अंडीही खराब करतं.

वनस्पतीत मामला थोडा लांबचा आहे. पराग कुक्षीवर, म्हणजे फुलातल्या मादी भागाच्या टोकावर, पडला म्हणजे फलन झालं असं नाही. ते फक्त परागण. त्यानंतर परागकण रुजतो, त्यातून परागनलिका निघते, ती कुक्षीखालच्या दांड्यातून खाली वाढत बीजांडापर्यंत (ज्याची पुढे बी होते) पोचते आणि दोन नर जननपेशी आत सोडते. एक अंडपेशीशी मिळते, त्यातून भ्रूण होतो. दुसरी मधल्या दोन केंद्रकांशी मिळते आणि त्यातून भ्रूणपोष, म्हणजे बियांमधला अन्नसाठा तयार होतो. हे दुहेरी फलन, म्हणजे द्विफलन, रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ सर्गेई नवाशिन यांनी १८९८ मध्ये दाखवलं.

या सगळ्याचा बागेशी थेट संबंध आहे. प्रत्येक बी म्हणजे एक स्वतंत्र फलन. काकडीत जितक्या बिया भरायच्या तितके परागकण पोचायला हवेत. वाढणाऱ्या बियांतून संप्रेरकं निघतात आणि त्यांच्यामुळेच भोवतीचा गर वाढतो. ज्या बाजूला बिया भरल्या नाहीत ती बाजू अरुंद राहते आणि फळ वाकडं होतं. मक्याच्या कणसात तर हे उघड दिसतं. प्रत्येक दाण्याला एक केस असतो, परागनलिका त्या केसातून आत जाते, आणि ज्या केसावर पराग पडला नाही त्याच्या मुळाशी रिकामी जागा राहते. कणीस मध्येच बोडकं निघालं तर खताला दोष देऊ नका, परागण अपुरं झालं असावं. मका एकाच लांब ओळीत लावण्यापेक्षा तीन-चार आखूड ओळींच्या चौकोनात लावला तर वाऱ्याने उडालेला पराग वाया कमी जातो.

वेलींचं हाताने परागण

भोपळा, दुधी, काकडी, दोडका, कारलं या वेलींवर सहसा नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात, पण एकाच वेलीवर. नर फुलाला बारीक सरळ देठ असतो. मादी फुलाच्या मागे त्या त्या जातीच्या फळाचं छोटं रूप असतं: भोपळ्याला गोटी, काकडीला काटेरी बोट. सुरुवातीला एक-दोन आठवडे फक्त नर फुलं येतात आणि गळतात. ते नेहमीचंच आहे, त्यावर कसलंही औषध मारायची गरज नाही. कर्टुल्याच्या बाबतीत मात्र नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी. सगळ्या वेली मादी निघाल्या तर हाताने लावायलाही पराग मिळणार नाही, म्हणून आठ-दहा मादी वेलींमागे एक नर वेल ठेवा.

फूल कधी उमलतं हे जातीवर ठरतं. भोपळा, काकडी, कारलं, घोसाळं सकाळी उमलतं. दुधी, पडवळ आणि दोडका संध्याकाळकडे. दुधीच्या फुलावर सकाळी नऊ वाजता पराग घासत बसाल तर मेहनत फुकट, कारण तोवर फूल मिटायला लागलेलं असतं.

भोपळ्याचं उदाहरण घेऊन रीत अशी.

आदल्या संध्याकाळी वेलीवरून नजर फिरवा. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी फुगीर असते आणि टोकाला पिवळी झाक आलेली असते. अजून पूर्ण हिरवी असेल तर तिला एक-दोन दिवस आहेत. अशी एक मादी कळी आणि दोन-तीन नर कळ्या निवडून त्यांची टोकं दोऱ्याने सैल बांधा किंवा वर पातळ कापडाची पिशवी चढवा. फळ खायचंच असेल तर हे बांधणं टाळलं तरी चालेल. बी धरायचं असेल तर टाळू नका, कारण मधमाशी तुमच्या आधी येते.

सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान नर फूल देठासकट तोडा. पाकळ्या सोलून काढल्या की मधला पुंकेसरांचा, म्हणजे पराग धरणाऱ्या नर भागांचा, दांडा उघडा पडतो. त्यावर बोट फिरवा. पिवळी पूड बोटाला चिकटली तर पराग तयार आहे. चिकटली नाही तर अर्धा तास थांबा, दमट सकाळी परागकोश उशिरा फुटतात. मग मादी फूल उघडून तो दांडा कुक्षीच्या प्रत्येक फाकीवर हलक्या हाताने टेकवत फिरवा. काकडीत आणि भोपळ्यात सहसा तीन फाका असतात. एकाच फाकीवर पराग लागला तर फळ एका अंगाने भरण्याचा धोका राहतो. एका मादी फुलाला एक नर फूल पुरतं, पण मोठ्या भोपळ्याला दोन-तीन वापरा, आणि जमलं तर वेगवेगळ्या वेलींवरची. रंगाचा बारीक कुंचलाही चालतो. भोपळ्याचा पराग जड आणि चिकट असल्याने अर्धा कुंचल्याच्या केसांतच अडकून राहतो, म्हणून तोडलेलं फूलच बरं.

बियांसाठी करत असाल तर लगेच पाकळ्या पुन्हा बांधा, एक दिवस तशाच ठेवा आणि देठाला तारखेची चिठ्ठी लावा. पाणी फुलावर उडू देऊ नका. ओला झालेला परागकण फुगून फुटतो, म्हणून पावसाच्या झडीत फळधारणा कोसळते आणि वरून फवारा सोडणाऱ्यांच्या बागेतही तेच होतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी निकाल दिसतो. फळाचा देठ जाड होतो, फळ तुकतुकीत होऊन खाली झुकतं. फसलेलं फळ टोकाकडून पिवळं पडतं, सुरकुततं आणि बोट लावलं की गळतं.

टोमॅटो, वांगं, मिरची यांची फुलं द्विलिंगी. एकाच फुलात दोन्ही भाग असतात, त्यामुळे पराग आणून लावायचा नसतो. हवा असतो तो हादरा. टोमॅटोचा पराग परागकोशांच्या नळीत बंद असतो आणि काही माश्या पंखांच्या स्नायूंनी फूल थरथरवून तो बाहेर काढतात. बंदिस्त जागेत वारा नसेल तर सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या घोसाच्या देठाला बोटाने चार-पाच टिचक्या मारा, एक दिवसाआड. विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश देठाला दोन सेकंद टेकवला तर काम आणखी चांगलं होतं.

परागण करूनही फळ धरत नाही, तेव्हा

उष्णता पहिली तपासा. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की टोमॅटोचा पराग निकामी व्हायला लागतो. उकाड्यात आणि लांब दिवसांत वेलींवर नर फुलं वाढतात, मादी घटतात. यावर खत हा उपाय नाही. सावलीची जाळी, मुळांवर पाल्यापाचोळ्याचं आच्छादन आणि सकाळचं पाणी इतकंच हातात असतं.

कीटकनाशक ही दुसरी गोष्ट. सकाळी फवारलं की मधमाश्या मरतात. सकाळी उमलणाऱ्या वेलींवर फवारणी करायचीच झाली तर फुलं मिटल्यावर, सूर्य कलल्यावर करा.

बोरॉनची कमतरता हा खताचा आणि फलनाचा खराखुरा सांधा आहे. परागकण रुजायला आणि परागनलिका वाढायला बोरॉन लागतं. लागतं अगदी थोडं, पण ते नसेल तर उत्तम परागण करूनही नलिका अर्ध्यावर थांबते. माती परीक्षणात कमी दिसलं तरच फुलोऱ्याआधी १ लिटर पाण्यात १ ग्रॅम बोरिक ॲसिड मिसळून एकदा फवारा. ‘थोडं जास्त टाकू’ हा मोह इथे महाग पडतो. पुरेसं आणि विषारी यांतलं अंतर बोरॉनच्या बाबतीत फार कमी आहे, आणि पानांच्या कडा जळाल्या की मातीतून ते परत काढता येत नाही.

फळ गळण्याची इतर कारणंही फलनाच्या खात्यावर टाकू नका. फळावर बारीक टोचलेलं छिद्र, त्यातून डिंकाचा थेंब आणि कापल्यावर आत अळ्या म्हणजे फळमाशी. टोमॅटोच्या बुडाला काळा, चामड्यासारखा खोलगट डाग म्हणजे फळापर्यंत कॅल्शियम पोचलेलं नाही, आणि त्याचं नेहमीचं कारण अनियमित पाणी. तिथे फलन व्यवस्थित झालेलं असतं.

एक समजूत जाता जाता. कारल्याशेजारी लावल्याने काकडी कडू होते असं म्हणतात. कारलं आणि काकडी यांचा संकर होतच नाही. शिवाय काकडीचा गर आईच्या पेशींचा, त्यावर बापाच्या परागाचा परिणाम त्या वर्षी दिसत नाही. कडूपणा येतो तो त्या जातीच्या गुणाने आणि पाण्याच्या किंवा उन्हाच्या ताणाने. मक्याचं मात्र वेगळं. मक्यात आपण खातो तो दाणाच, आणि त्यातला भ्रूणपोष द्विफलनातून तयार होतो. म्हणून गोड मक्यावर साध्या मक्याचा पराग पडला तर त्याच हंगामात दाणे पिठूळ निघतात.

आता खत

खत झाडाचं जेवण नाही. झाड आपलं अन्न पानांत, उन्हात बनवतं. खतातून त्याला मिळतात ती मूलद्रव्यं, आणि मातीला मिळतो तो पोत. या दोन कामांसाठी खतंही दोन प्रकारची. शेणखत, कंपोस्ट, हिरवळीचं खत ही भरखतं: अन्नद्रव्यं थोडी, पण माती भुसभुशीत करणारी आणि ओल धरणारी. युरिया, सुपर फॉस्फेट, पोटॅश ही वरखतं: अन्नद्रव्यं भरपूर, पोताला उपयोग जवळपास शून्य. एकाचं काम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

पोत्यावरचे तीन आकडे नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅशियम) यांची टक्केवारी सांगतात, याच क्रमाने. १०:२६:२६ लिहिलेल्या १०० किलोत १० किलो नत्र असतं. स्फुरद आणि पालाश मोजताना ते ऑक्साइडच्या रूपात धरतात, पण शिफारशीही त्याच रूपात दिलेल्या असतात, म्हणून हिशेब जमतो.

समजा वेलींचा १० चौरस मीटरचा वाफा आहे, जमीन मध्यम आहे आणि शिफारस हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद, ५० पालाश अशी आहे. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, म्हणजे वाफ्याला १०० ग्रॅम नत्र, ५० ग्रॅम स्फुरद आणि ५० ग्रॅम पालाश लागेल. हवं असलेलं अन्नद्रव्य भागिले खतातली टक्केवारी, गुणिले १००. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणून २१७ ग्रॅम. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के, म्हणून ३१२ ग्रॅम. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पालाश ६० टक्के, म्हणून ८३ ग्रॅम. सुपर फॉस्फेटऐवजी डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) असेल तर त्यात १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. ५० ग्रॅम स्फुरदासाठी १०९ ग्रॅम डीएपी पुरतं, त्यातून सुमारे २० ग्रॅम नत्रही येतं, म्हणून युरिया १७५ ग्रॅमवर आणा. ही वजावट विसरली की नत्र जास्त होतं.

लागवडीआधी २० किलो कुजलेलं शेणखत मिसळा. लागवडीच्या वेळी सगळं स्फुरद, सगळा पालाश आणि युरियाचा एक तृतीयांश, म्हणजे साधारण ७२ ग्रॅम. दुसरा हप्ता तीन-चार आठवड्यांनी. तिसरा पहिली फळं धरल्यावर, त्याआधी नाही. ऐन फुलोऱ्याच्या तोंडावर नत्राचा मोठा डोस दिला की वेल माजते: गडद हिरवी मोठी पानं, लांब शेंडे, मादी फुलं कमी.

खोडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर गोल चर काढा, ५ सेंटिमीटर खोल. त्यात खत पसरा, मातीने झाका आणि पाणी द्या. युरिया उघड्यावर टाकून ठेवला तर त्यातला नत्र अमोनिया होऊन हवेत जातो. चुन्याच्या जमिनीत तर फारच लवकर. खोडाला चिकटून टाकला तर मुळं आणि साल भाजतात. युरिया आणि राख एकत्र मिसळू नका, तिथेही अमोनिया उडतो. युरिया आणि सुपर फॉस्फेट मिसळलं तर त्याच दिवशी संपवा, रात्रभरात त्याचा ओला गोळा होतो.

काय कमी आहे ते पानं सांगतात, फक्त कोणतं पान ते पाहायला हवं. नत्र आणि पालाश झाडात हलतात. कमी पडले की झाड जुन्या पानांतून काढून शेंड्याला देतं, म्हणून खालची पानं आधी बिघडतात: नत्राने पूर्ण पिवळी, पालाशाने कडांना करपलेली. लोह आणि कॅल्शियम हलत नाहीत, म्हणून त्यांची तक्रार कोवळ्या शेंड्यावर. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असं कोवळं पान दिसलं तर ते लोह, आणि तिथे युरिया ओतणं व्यर्थ.

माती परीक्षणासाठी नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, बाजूची पातळ खाप काढा, सगळी माती एकत्र करा. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्या. असं अर्धा किलो उरेपर्यंत करा. खत टाकलेली जागा, बांध आणि झाडाखालची सावली टाळा.

कंपोस्ट नीट कुजतं आहे का

कोरडा पाला, काड्या, पेंढा दोन ते तीन घमेली, त्यावर हिरवा कचरा किंवा शेण एक घमेलं, असे थर. ढीग लांबी, रुंदी, उंचीने निदान १ मीटर हवा, नाहीतर तो तापत नाही. मूठभर घेऊन पिळा: बोटांतून एखाद-दुसरा थेंब यायला हवा. पाणी गळलं तर ओल जास्त, मूठ उघडल्यावर भुगा सुटला तर कमी. आत ५५ ते ६५ अंश चढले की तणाचं बी आणि रोगजंतू मरतात. तापमान उतरलं की पलटा, बाहेरचं आत घाला. अमोनियाचा झणका आला तर कोरडा पाला वाढवा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर हवा कोंडली आहे, ढीग मोकळा करा.

कच्चं शेण थेट वाफ्यात घातलं की हुमणी आणि वाळवी येतात. कच्चा भुसा घातला तर तो कुजवणारे सूक्ष्मजीव मातीतला नत्र स्वतःकडे ओढतात आणि रोपं पिवळी पडतात.

कडधान्यं मात्र नत्राची सोय स्वतः करतात. कारखान्यात हवेतल्या नत्राचा अमोनिया करायला सुमारे ४५० अंश उष्णता आणि हवेच्या दोनशेपट दाब लागतो. मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हे काम मातीच्या साध्या तापमानाला करतात. पेरणीआधी किलोभर बियांना २५ ग्रॅम जिवाणू खत गुळाच्या थंड पाण्यातून चोळा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. उन्हात वाळवलं तर जिवाणू मरतात. पाच-सहा आठवड्यांनी एक रोप ओढून न काढता खणून काढा, मुळं पाण्यात हलवून धुवा आणि एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी निघाली तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर नाही, आणि भरपूर युरिया दिलेल्या वाफ्यात बहुधा गाठीच विरळ असतात.

बी धरताना

हाताने परागण केलेलं, चिठ्ठी लावलेलं फळ भाजीसाठी तोडतो तेव्हा तोडू नका. भोपळ्याच्या सालीत नख रुतेनासं होईपर्यंत आणि काकडी पिवळी-तपकिरी होईपर्यंत वेलीवरच ठेवा. भोपळा तोडल्यावरही तीन-चार आठवडे सावलीत राहू द्या, आतल्या बिया तेवढ्यात आणखी भरतात. मग उभा चिरा आणि बिया बोटांत दाबून पाहा. टणक आणि फुगीर बी म्हणजे तिथवर परागनलिका पोचली होती. कागदासारखी चपटी, पांढरी बी म्हणजे ते बीजांड तसंच राहिलं. चपट्या बिया एकाच अंगाला दाटल्या असतील तर पुढच्या वेळी पराग सगळ्या फाकांवर फिरवा. सगळ्या फळभर विखुरलेल्या असतील तर नर फुलं वाढवा.